उंदरापासून सुरुवात

पेणजवळच्या जोह्याच्या काशीबाईंनी आयुष्यात जितकी गणपतीची पोटं घासली, तितके मोदक खुद्द गणपतीनंही खाल्ले नसतील. काळुरामच्या मूर्तींच्या कारखान्यात त्यांचं कामच ते. साच्यातून मूर्ती निघाली, वाळली, की पॉलिश पेपर घेऊन बसायचं आणि पोट, पाठ, सोंड गुळगुळीत करायची. हात पांढरे, केस पांढरे, साडी पांढरी. संध्याकाळी घरी आल्या की नवरा हिरामण म्हणायचा, "आली आमची भुताटकी."

त्याचं काशीबाईंना कधी काही वाटलं नाही. वाटलं ते रोह्याजवळ वरसेला, लेकीच्या सासरी. गणपतीत तिकडे गेल्या होत्या. विहीण विमलबाई आरास दाखवत म्हणाल्या, "तुमच्या जोह्याचीच मूर्ती हो यंदा."

काशीबाईंनी मूर्ती निरखली. बेंबीच्या वर एक बारीकशी खळी होती. ती घासता घासता त्यांच्या अंगठ्यानंच पडली होती.

"अगो, हे पोट माझंच!" त्या आनंदानं ओरडल्या. जमलेल्या पाहुण्यांनी आधी काशीबाईंच्या पोटाकडे पाहिलं, मग देवाच्या.

विमलबाई बोलायला गोड. कारलंसुद्धा गुळात घोळून द्यायच्या. म्हणाल्या, "असेल हो. पण पोटाकडं कोण बघतंय विहीणबाई? माणूस हात जोडतो तो डोळ्यांकडं बघून."

झालं. रोह्याहून एसटी सुटली तेव्हा ते वाक्य काशीबाईंच्या मनात शिरलं, नागोठण्यापर्यंत त्यानं तिथं चूल मांडली, आणि पेण येईतो निश्चय शिजून तयार होता: विमलबाईंच्या गणपतीचे डोळे एकदा तरी आपल्या हातचे असले पाहिजेत.

आता डोळे काढणं, म्हणजे आखणी, हे काळुरामचं राखीव रान. आखणीला बसण्याआधी तो तंबाखू थुंकून यायचा, रेडिओ बंद करायचा, आणि त्या वेळी कोणी शिंकलं तर त्याच्याकडे असा बघायचा, की बिचाऱ्याला पुढची शिंक थेट पुढच्या पावसाळ्यात येई.

"भावजी, मला आखणी शिकवा," काशीबाई म्हणाल्या.

"वहिनी, या वयात?"

"मंग कोणत्या? मागल्या वयात जायला एसटी नाय."

काळुरामनं केस झडलेला एक जुना ब्रश शोधून दिला. "आधी सरळ रेघ मारून दाखवा."

घरात रेघा सुरू झाल्या. माठावर मारलेली पहिली रेघ बघून शेजारीण 'साप, साप' करत पळाली. रेघा सरळ झाल्यावर डोळे आले. वांग्यांना आले, पिठाच्या डब्याला आले. एके दिवशी हिरामण भोपळा चिरायला बसला आणि विळी सोडून उठला.

"काशे, हा माझ्याकडं बघतोय गो. माझ्यानं नाय व्हायचं."

"मंग पालथा घाला."

"घातला. पाठीवर पण हायेत!"

पुढच्या मोसमात काळुराम जरा विरघळला. "वहिनी, तुम्ही उंदरांचे डोळे काढा. तिकडं काय कोण बघत नाय."

काशीबाईंनी ते काम असं घेतलं, जणू कोणी पेणची नगरपालिका हातात दिली. एकेका उंदराला स्वभाव आला. एक मोदकाकडे बघायचा, तो हिरामण सुक्या बोंबलाकडे बघतो तसा. एक लग्नात न बोलावलेल्या आत्यासारखा रुसलेला. गिऱ्हाईकं देवाची उंची विचारायची सोडून म्हणू लागली, "तो लबाड उंदीर आहे ना, त्याच्यावरचा गणपती द्या."

"कारखाना गणपतीचा का उंदरांचा?" काळुराम कुरकुरला. पण माल खपत होता. मग देवाच्या डोळ्यांतला पांढरा भरायचं काम काशीबाईंकडे आलं. त्याच्या पुढच्या मोसमात भुवया आल्या. बुबुळं मात्र काळुरामनं सोडली नाहीत. शेवटी एका श्रावणात काशीबाईंनी हट्टच धरला: "विहिणीची मूर्ती माझ्याकडं द्या."

"एकच. बिघडली तर पुसून मी काढणार."

तो दिवस उजाडला. रेडिओ बंद झाला. काशीबाईंनी श्वास धरला, बुबुळं भरली आणि मागे सरून बसल्या.

"वहिनी," काळुराम हळूच म्हणाला, "देवाला भूक लागलीय."

खरंच की! इतके मोसम उंदीर रंगवून हाताला तेच वळण पडलं होतं. बाप्पा तिरक्या नजरेनं हातातल्या मोदकाकडे बघत होते, कोणी पळवील की काय अशा काळजीनं.

आणि नेमका बाहेर टेम्पो थांबला. "झाली का हो आमची मूर्ती?" विमलबाईंचा गोड आवाज आला.

"सरका, मी काढतो पटकन," काळुरामनं फडकं उचललं.

काशीबाई सरकल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. एवढी वर्षं कुठं कोणाला काय कळलं होतं? पण त्यांनी फडकं ओढून घेतलं. "मीच पुसणार, मीच काढणार. तुम्ही विहिणीला चा पाजा. दोनदा पाजा."

पुसताना त्यांना उमगलं. उंदीर मोदकाकडं बघतो. देवानं बघायचं ते दारात आलेल्या माणसाकडं. पण दारात तर कोणी नव्हतं. होता तो जेवणाचा डबा घेऊन आलेला हिरामण.

"आवो, तिथंच उभे राहा. हात जोडा."

"मी काय केलं?"

"काय केलं नाय तेच बरं. हलू नका."

हिरामण डबा काखेत धरून हात जोडून उभा राहिला. या माणसाला काशीबाईंनी जेवताना पाहिलं होतं, घोरताना पाहिलं होतं, भांडताना तर रोजच. पण असा, जरा घाबरलेला, जरा लाजलेला, काही न मागता उभा असलेला कधी पाहिला नव्हता. त्यांना हसू आलं. हसू ओठात दाबून त्यांनी ब्रश टेकवला.

तिसरा कप नाकारून विमलबाई आत आल्या. घरी पोचेपर्यंत देवाचं तोंड झाकायची रीत, म्हणून हातात नवा रुमाल होता. पुढे झाल्या आणि थांबल्या.

"झाकवत नाय हो. 'आलीस का?' म्हणतोय हा मला."

"झाका, झाका, रीत हाय," काळुराम.

"वरसेपर्यंत? जीव गुदमरेल त्याचा!"

"हायवेची धूळ बसंल विहीणबाई, रंग ओला हाय!" काशीबाईंनीही वादात उडी घेतली. बरीच हुज्जत झाली. शेवटी रुमाल घुंगटासारखा सैल सोडायचा ठरला, आणि विमलबाई पुढची गादीची सीट सोडून मागे मूर्तीजवळ बसल्या. टेम्पो वळेपर्यंत त्या रुमालाचं टोक उचलून दोनदा आत डोकावल्या.

"काशे," हिरामण म्हणाला, "डोळे तू काढलेस, ते सांगितलंस का विहिणीला?"

काशीबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो बाई, राहिलंच!"

"मंग लाव की फोन."

"लावू सावकाश." काशीबाई ब्रश धुऊन पुन्हा पाटावर बसल्या आणि भिंतीकडच्या रांगेतला पुढचा गणपती त्यांनी समोर ओढला. "याला बिचाऱ्याला अजून काय दिसत नाय."