हिरीत पानी न्हाई

म्हसवडचे हंबीरतात्या झेरॉक्सचं दुकान आणि एका दैनिकाचं वार्ताहरपद एकाच टेबलावरून चालवतात. राग नाकावर असतो, पण माणूस मनात काही ठेवत नाही. आकड्याशिवाय बातमी पाठवायची नाही, हा त्यांचा बाणा. आकडा छापला की भांडायला कोणी येत नाही, असं ते सगळ्यांना ऐकवतात.

वस्तीवरच्या शाळेच्या वाचन चाचणीचे आकडे हाती आले आणि शाळेत न डोकावताच तात्यांनी बातमी ठोकून दिली. ‘तिसरीच्या मुलांना वाचता येईना’. पहिल्या पानावर, ठळक. तात्या खुशीत होते. संध्याकाळी शाळेच्या सुहासिनीबाई दुकानात आल्या.

“तिसरीतल्या पूजाचा बाप ज्ञानू तिला शाळेतून काढतोय. वाचायलाच येत नसेल तर शेरडं राखू दे, म्हणतो. तात्या, एकदा येऊन ऐका तरी.”

दुसऱ्या दिवशी तात्या कुरकुरत शाळेत गेले. पुस्तकात छापलं होतं, ‘विहिरीत पाणी नाही. आई घरी आहे.’ पूजानं ओळीवर बोट ठेवून वाचलं, “हिरीत पानी न्हाई. आई घरी हाय.”

“बरोबर हाय की,” तात्या म्हणाले.

“तपासायला आलेल्या परगावच्या पाहुण्यांनी चूक दिलं. छापलंय तसं वाचलं नाही म्हणून,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

तात्या ओशाळले. त्याच दिवशी त्यांनी दुसरी बातमी पाठवली. ती आली आतल्या पानावर, निधनवार्तांच्या खाली, बारीक अक्षरात. त्यांनी फोनवर उपसंपादकाला झाडलं, पण छापलेलं थोडंच मोठं होतंय?

तोच पेपर घेऊन ते ज्ञानूच्या दारात गेले. त्यानं त्या दिवशी पूजाला शाळेत धाडलंच नव्हतं; ती काठी घेऊन शेरडांमागं निघाली होती. त्याला स्वतःला वाचता येत नाही. पहिली बातमीही कुणीतरी एसटी स्टँडवर वाचून दाखवलेली.

“आदी मोट्या अक्षरात, आता बारक्यात,” ज्ञानू म्हणाला. “तात्या, खरं कुटलं म्हनायचं?”

तात्यांनी पेपर पूजाच्या हातात दिला. ‘मुलांना वाचता येत नाही हे खरे नाही. ती अर्थ समजून वाचतात,’ असं त्यात होतं.

पूजानं वाचलं, “पोरास्नी वाचाय येत न्हाई ह्ये खरं न्हाई. ती अर्थ समजून वाचत्यात.”



“पेपरातलं आज पयल्यांदा कळलं मला,” ज्ञानू म्हणाला. मग तिच्या हातातली काठी त्यानं काढून घेतली. “शेरडं मी बघतो. तू साळंला जा.”