अप्पा आणि विलायतेतला पोलीस कमिशनर

निवडणूक ही गोष्ट या भूतलावर फक्त दोघांच्या सोयीसाठी निघाली असावी. एक, जो उभा राहतो तो. आणि दुसरे आमच्या समोरचे अप्पा. उभा राहणारा दर पाच वर्षांनी बदलतो, अप्पा बदलत नाहीत. लोकसभा, विधानसभा, महापालिका तर झाल्याच. पण पतपेढी, वाचनालय, भुसार व्यापाऱ्यांचा संघ, गल्लीतलं गणपती मंडळ, जिथं म्हणून हात वर करायची किंवा चिठ्ठी टाकायची सोय आहे तिथं अप्पा सभासद आहेतच. वाचनालयातून त्यांनी एखादं पुस्तक घरी आणलेलं मी तरी पाहिलेलं नाही. वर्गणी मात्र ते वेळेवर भरतात, कारण वर्गणी थकली की मत देता येत नाही.

मतदानाच्या दिवशी अप्पांच्या घरात लग्नघर असल्यासारखी गडबड असते. पहाटे अंघोळ, पूजा, कपाळावर ठसठशीत विभूती, इस्त्रीचं धोतर आणि त्यावर ठेवणीतला काळा कोट. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाकीचे लोक अंगावर बनियनही सोसत नाहीत, पण अप्पांचा कोट काही चुकत नाही. शाळेचं फाटक उघडायच्या आधी ते फाटकाशी उभे असतात, कारण केंद्रावरचं पहिलं मत त्यांचं असलं पाहिजे. एका वर्षी कुणी पेन्शनर त्यांच्या आधी येऊन उभा राहिला, तर अप्पा दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या नंबरचं मत म्हणजे उष्टं ताट, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि बोटावरची शाई तर विचारूच नका. ती टिकावी म्हणून डाव्या हाताला आठवडाभर साबण लागत नाही, आणि भाजीवाल्याला वांगी दाखवण्यापासून देवळाचा कळस दाखवण्यापर्यंत सगळी कामं त्याच बोटाने होतात.

या बोटाच्या जोरावर त्यांनी एक कायदा केला आहे. ज्याने मत दिलं नाही त्याने तक्रार करायची नाही. कट्ट्यावर कुणी नळाला पाणी येत नाही म्हणून कुरकुरला, की अप्पा शांतपणे म्हणतात, "बोट दाव." बोट कोरं निघालं तर त्या माणसाचं पाणी, रस्ता, डास, सगळे विषय बंद. एकदा त्यांचे मेहुणे अक्कलकोटहून आले होते. जेवताना ते आमटीत मीठ जास्त झाल्याचं बोलले, तर अप्पांनी त्यांचंही बोट तपासलं. मेहुण्यांनी आमटी निमूट संपवली.

अप्पांना एकच मुलगी, गौरी. ती नोकरीसाठी इंग्लंडला गेली आणि बघता बघता तिथे रुळली. सोलापूरच्या मतदारयादीतून मात्र अप्पांनी तिला हलू दिलं नव्हतं. याद्या तपासायला शाळेतल्या बाई घरोघर येतात. त्यांनी गौरीबद्दल विचारलं, की अप्पांचं उत्तर ठरलेलं, "येणार हाय की ती. नाव ऱ्हाऊ द्या." बाई हसून "पुन्हा चौकशीला येते" म्हणायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. लेकीची खोली कुणी झाडूनपुसून ठेवतं, तसं अप्पांनी ते नाव राखलं होतं. यादीत आहे तोवर पोरगी गेलेली नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता, आणि गौरीची आई, म्हणजे आमच्या काकू, यांनाही तो ठाऊक होता.

त्या उन्हाळ्यात आपल्याकडे लोकसभेची धामधूम चालू होती. रविवारी मी अप्पांच्या ओट्यावर बसलो असताना गौरीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, की आमच्याकडेही निवडणूक आहे, पोलीस कमिशनरची. अप्पांनी चष्मा काढून फोनकडे पाहिलं. सोलापूरलाही कमिशनर आहेत, पण ते बदलीवर येतात, बदलीवर जातात, आणि अप्पांना कुणी काही विचारत नाही. कमिशनरने दारात येऊन हात जोडले, तर त्याची काठी कुणाच्या हातात द्यायची, हा अप्पांचा पहिला प्रश्न होता. गौरीने समजावलं, की हा वर्दीतला पोलीस नव्हे. पोलिसांचा खर्च बघायचा, त्यांचा साहेब नेमायचा, चुकला तर काढायचा, हे याचं काम. "म्हंजे पोलिसावर पोलीस," अप्पांनी सारांश काढला.

भारत राष्ट्रकुलातला देश, म्हणून इथून जाऊन राहिलेल्यांनाही तिथे मत असतं आणि तिच्या घरी मतदानाचं कार्डही आलं होतं. पण ती जाणार नव्हती. "कुणाला ओळखत नाही मी अप्पा. इथले लोकसुद्धा फारसे जात नाहीत. आणि मी कुठं इथली आहे?"

आता हिचं बोट तपासलं जाणार, म्हणून मी सरसावून बसलो. अप्पा चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाले, "नको जाऊस." काकूंच्या हातातलं सूप थांबलं. ज्या माणसाने सख्ख्या मेहुण्याला आमटीची तक्रार करू दिली नाही, तो स्वतःच्या लेकीला मत देऊ नको म्हणत होता.

पुढचे दोन-तीन दिवस अप्पा आमच्या घरी येऊन माझ्याशी भांडले. मी काहीच बोलत नव्हतो, त्यामुळे दोन्ही बाजू त्यांनाच मांडाव्या लागत होत्या. तिथे म्हणे मतपत्रिकेवर पेन्सिलीने फुली मारतात. कुणी खोडरबर घेऊन बसलं तर? बोटाला शाई लावत नाहीत. मग माणूस मत देऊन आला, का भाजी घेऊन आला, हे ओळखायचं कसं? शेवटी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी खरं ते सांगितलं. "तिकडं मत दिली, की ती तिकडचीच झाली की. मग हितलं नाव कशाला राखायचं?"

काकू अप्पांना जेवायला बोलवायला आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "हिवाळ्यात तितं दुपारी चारलाच अंधार पडतो. पोरगी एकटी चालत घरला येती. त्या रस्त्याला पोलीस कसला असावा, ते तिनं न्हाय तर कुणी सांगायचं?"

अप्पा उठले आणि काकूंच्या मागे जेवायला गेले. संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन लावला, रविवार नसताना. सूचना बऱ्याच होत्या. पासपोर्ट घेऊन जा. कोट घाल. फाटक उघडायच्या आधी जा. फुली दाबून मार.

गुरुवारी दुपारी त्यांच्या फोनवर फोटो आला. कुठल्याशा शाळेचं दार, बारीक पाऊस, आणि पुढे धरलेलं डाव्या हाताचं बोट. नखावर काळ्या पेनाने ओढलेली रेघ होती. तिथे लावत नाहीत, म्हणून गौरीने आपल्या हातानेच ओढून घेतली होती. अप्पांनी तो फोटो गल्लीत घरोघर दाखवला. ती पहिल्या नंबरवर होती, हे सांगायलाही ते विसरले नाहीत. निवडून कोण आलं, याची चौकशी मात्र त्यांनी केली नाही. नंतरच्या मंगळवारी कोट घालून ते आपलं मत देऊन आले, आणि काकूंनी त्यांच्या बोटाचा फोटो काढून तिकडे पाठवला.

पुढे केव्हातरी याद्यांच्या बाई आल्या. मी ओट्यावरच होतो. त्यांनी सवयीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता निघाल्याही होत्या.

"थांबा," अप्पा म्हणाले. "काढा तिचं नाव. ती तिकडं मत देती आता."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग लिहून घेतलं. अप्पा बाईंना पोहोचवायला पायरीपर्यंत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि अप्पांचा अभिमानही वाटला.

त्या रविवारी गौरीचा फोन आला तो तक्रार घेऊनच. तिच्या रस्त्यावरचे दिवे बंद होते, आणि कळवूनही पोलीस फिरकले नव्हते. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल म्हणून ती मध्येच थांबली.

अप्पांनी फोन कानाशी आणखी जवळ धरला. "बोल की," ते म्हणाले. "तुला हक्क हाय."