दावीद धोंडी झाला तेव्हा

केवळाबाईला गाव दोन गोष्टींसाठी ओळखायचं, एक तिचा आवाज आणि दुसरा तिचा धाक. रेणापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात ख्रिस्ती माणसांची मोजकीच घरं. त्यांची उपासना व्हायची ती पत्र्याच्या एका लांबट खोलीत. लातूरचे पाळक महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार लेकरांची शब्बाथ शाळा केवळाबाईच चालवायची. शिक्षण चौथीपर्यंत, पण बायबलातली वचनं तोंडपाठ. आणि ज्या लेकराची पाठ नसत, त्याच्या कानाचं काही खरं नसे. नवरा शेषेराव रेल्वेच्या गँगमध्ये होता. तो सुट्टीला घरी आला की बायकोपुढं तोही पाठांतर चुकलेल्या पोरासारखाच बसायचा.

तिला एकच ध्यास होता. ही लेकरं देवापाशी टिकली पाहिजेत, आणि त्यातही पोटचा दावीद. तो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल.

बहात्तर साली पावसानं तोंड दाखवलं नाही. पेरलेलं जागीच करपलं आणि विहिरीवर बायकांची भांडणं सुरू झाली. केवळाबाईनं शब्बाथ शाळेत सांगून टाकलं, "मागा रे लेकराहो. बापाला लेकराचं ऐकावंच लागतंय." लेकरं बिचारी दर रविवारी डोळे गच्च मिटून मागायची. दावीद सगळ्यांत मोठ्यानं मागायचा आणि सोमवारी उठल्या उठल्या आधी आभाळ बघायचा. आभाळ काही दाद देत नव्हतं.

श्रावणही कोरडाच लागला, तशी गावातल्या पोरांनी धोंडी काढायचं ठरवलं. पाऊस लांबला की आपल्याकडं हे होतंच. एका पोराला उघडं करून लिंबाच्या डहाळ्यांनी गुंडाळायचं, मुसळाला बेडूक बांधायचा आणि गाणं म्हणत दारोदार हिंडायचं. बायका त्या पोराच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात, पसाभर दाणे घालतात. त्या साली बेडूक शोधता शोधताच पोरांच्या नाकी नऊ आले. आता धोंडी व्हायला अंगानं बारीक पोरगं बरं, डहाळ्या कमी लागतात. दावीद तर नुसती काडी होता.

गलका ऐकून केवळाबाई दारात आली. पानांचा ढीग चालत येत होता आणि त्याखालचे पाय तिच्या ओळखीचे होते. मग काय विचारता! तिनं भर रस्त्यात त्या डहाळ्या ओरबाडून काढल्या. आत लंगोटीशिवाय काही नव्हतं. अख्खी गल्ली खो खो हसली. तेवढ्यानं बाईचं भागलं नाही. रविवारी तिनं पोराला सगळ्यांपुढं उभं केलं आणि देवाची आणि मंडळीची माफी मागायला लावली. मंडळीतले वडीलधारे अण्णाराव खूश झाले. "बाई असावी तर अशी," म्हणाले. मला विचाराल तर त्या दिवशी त्या खोलीत एकही शहाणा माणूस नव्हता.

त्या रविवारनंतर दावीदनं तोंड मिटलं. घरात बोलायचा, खेळायचा, पण गाणं आलं की गप्प, प्रार्थना आली की गप्प. सगळी पोरं आमेन म्हणत तेव्हा हा आपल्या पायाचा अंगठा बघत बसे. केवळाबाईनं गोडीनं सांगून पाहिलं, गूळ दिला, एकदा उपाशी ठेवलं. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तर त्यानं मान खाली घातली, इतकंच. ती आतून हादरली. दुसऱ्यांची लेकरं सांभाळता सांभाळता आपलंच हातचं गेलं, असं तिला वाटायला लागलं.

पुढं दुष्काळी काम निघालं. माय खडी फोडायला जायची आणि दावीद भाकर घेऊन यायचा. एका दुपारी बाभळीखाली बसल्यावर तिनं शेवटी विचारलं. आवाज चढवला नाही, चढवायचं बळच उरलं नव्हतं.

"का गेलतास रं धोंडीत?"

"तूच म्हणालीस, मागा."

"येशूला मागा म्हणलं हुतं. बेडकाला न्हाई."

"मीबी त्यालाच मागायलो हुतो. पानाच्या आतून." दावीद खडी चाळवू लागला. "आपल्या खोलीत नुसतं मागतेत. कुणी काही सोडत न्हाई. मल्लिकार्जुनच्या आईच्या घरात प्यायला पाणी नव्हतं, तरी तिनं तांब्या ओतला माझ्यावर. समद्यांनी ओतला. मला वाटलं, देवाला हे तरी दिसंल. आपल्या दारात आलो, तर तू रिकाम्या हातानं आलीस."

एवढी वचनं पाठ असलेली बाई, पण त्या घडीला तिला एकही आठवलं नाही.

पुढच्या रविवारी जिथं लेकराला उभं केलं होतं, तिथं ती स्वतः उभी राहिली. "लेकराहो, धोंडी आपली रीत न्हाई, ते मी आजबी सांगते. पण लेकराची लाज काढायचा हक देवानं मला दिला न्हाई. माझं चुकलं. तुमीबी माफ करा. दावीद, तूबी."

अण्णाराव ताडकन उठले. "बाई, शिकवणाऱ्यानं लेकरापुढं वाकायचं नसतंय. धाक गेला की समदं गेलं!"

"धाकानंच एक गेलंय, अण्णाराव," ती म्हणाली आणि खाली बसली.

आता दावीद धावत येऊन आईच्या गळ्यात पडला, असं सांगायला मलाही आवडलं असतं. पण तसं काही झालं नाही. तो अंगठाच बघत राहिला. बाकीच्या पोरांचे कान मात्र सुटले. केवळाबाई आता "मला ठाऊक न्हाई" असं म्हणायला शिकली. मूळचा स्वभाव अधूनमधून उसळायचा, मग पुन्हा माफी. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची, "बाई आज माफी मागनार बघ!"

वर्षं गेली. बोर्ड रंगवायची कला शिकून दावीद लातूरला राहिला. ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला, आणि त्याला मान वर करायला सवड मिळेना. जो तो आपल्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहून घेत होता. त्याच साली निलंग्याकडची सिंधु त्याची बायको होऊन आली. नाताळला दोघं गावाकडं आली, तेव्हाही तो खोलीत शेवटी बसला, तोंड मिटून. केवळाबाईच्या काळजातलं ते कुसळ इतक्या वर्षांत निघालं नव्हतं.

मग ती पहिल्यांदा त्यांच्या लातूरच्या खोलीवर राहायला गेली. दावीद कामावर होता. सिंधु भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, यांना तुमीच सांगा काही. ताट वाढलं की रोज डोळे मिटून बसतेत. किती येळ! भाकर वातड होती, कालवण गार. तोंडातून शब्द न्हाई, नुसते ओठ हालतेत."

केवळाबाईच्या हातातली निवडायची मेथी तशीच राहिली. "कवापासून?"

"लहानपणापासून, म्हणतेत. तवा गोधडीत तोंड घालून, आता ताटावर. तुमच्या शाळेतल्या समद्या पोरांची नावं घेतेत, तुमचं शेवटी. तुमच्या नावापाशी आले की लवकर डोळे उघडवत न्हाईत, म्हणतेत."

केवळाबाई मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. किती वर्षं तिनं त्याला हरवलेला धरला होता, आणि तो तिलाच देवापुढं घेऊन बसत होता.

दावीद आला, हाताचा रंग रॉकेलनं पुसून ताटावर बसला आणि त्यानं डोळे मिटले. ओठ हलू लागले. केवळाबाईनं प्रार्थनेत कधी डोळे उघडे ठेवले नव्हते. त्या दिवशी ठेवले. कालवण निवायला लागलं, तशी सिंधु तापवायला म्हणून स्टोव्हला पंप मारायला उठली. केवळाबाईनं तिचा हात धरला.

"आवाज हुईल," ती हळूच म्हणाली. "गारच खाऊ."