भिंतीला गादी

खोके उघडले तेव्हा त्यातून नव्या रबरासारखा, किंचित कडवट वास आला आणि मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हाबरोबर खिडकीतून येणाऱ्या गुऱ्हाळाच्या गोड वासात तो हळूच मिसळून गेला. आत काळ्या फोमचे चौकोन होते, दाबून पापडासारखे चपटे केलेले. मी ते पलंगावर पसरले आणि दिवसभरात ते आंबवलेल्या पिठासारखे फुगत गेले. संध्याकाळपर्यंत प्रत्येकावर बोटभर उंचीच्या डोंगररांगा उभ्या राहिल्या. सई, ओजस, असली वस्तू आपल्या घरात कशासाठी आली, ते तुम्हाला कोणी सांगितले नसेल.

तुमच्या आबांनी उद्यमनगरातल्या कारखान्यात चाळीस वर्षे पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसशेजारी काढली आणि त्या प्रेसने त्यांच्या ऐकण्याचा मोठा वाटा थोडा थोडा करून स्वतःकडे ठेवून घेतला. कानात यंत्र आले. पण आपली बैठकीची खोली उंच छताची, गुळगुळीत फरशीची, उघड्या भिंतींची. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला की टीव्हीच्या पडद्यावर परदेशातले तुमचे चेहरे उमटत, तुमचे शब्द भिंतींवर आपटून एकमेकांत कालवले जात आणि यंत्र तो सगळा काला मोठा करून त्यांच्या कानात ओतत असे. दोन मिनिटे हसरा चेहरा धरून बसल्यावर आबा "तू बोल की" म्हणून बागेत निघून जात. तुमचे बोलणे मग मी त्यांना तिथे जाऊन सांगत असे.

आणि सांगताना त्यात भर घालत असे. तुम्ही शाळेचे, बर्फाचे, मांजराचे बोललेले असायचे. मी जास्वंदीपाशी उभी राहून सांगे की ओजसने आबांच्या पायाची चौकशी केली, सईने त्यांचा पितळी भोवरा अजून टेबलावर जपून ठेवला आहे. तुम्ही तसे काही म्हणालेले नसायचात. त्यात तुमचा दोष नाही. पडद्यातून उठून गेलेल्या माणसाची आठवण लहान मुलांनी दर वेळी का काढावी? पण ते ऐकताना आबांच्या हातातली झारी क्षणभर थांबायची आणि त्या थांबण्याचा मला मोह पडला होता.

कानाच्या डॉक्टरांनी खोलीतला घुमारा कमी करायला सुचवले तेव्हा मी आनंदाने हा आवाज शोषणारा फोम मागवला. तो पलंगावर फुगताना पाहिला तेव्हा मात्र दुसरेच काही ध्यानात आले. आता आबा स्वतःच्या कानांनी ऐकणार होते. कोणी त्यांचे नावही काढले नाही तर माझ्या दोन वर्षांच्या रविवारांचे काय?

तरीही हाती घेतलेले काम नीटच व्हायला हवे. शाळेत इंग्रजी शिकवताना फळ्यावरची ओळ कधी तिरकी जाऊ दिली नाही, ती सवय अजून आहे. पट्टी-पेन्सिलीने भिंत आखली, प्रत्येक चौकोनाच्या पाठीवर क्रमांक घातला आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने आठ चौकोन ओळीत लावले. दुपारच्या चहाच्या वेळी ते एकामागून एक खाली आले आणि येताना जुन्या रंगाचे पापुद्रे सोबत घेऊन आले. पडल्याचा आवाज आबांना आला नाही, पण भिंतीची दशा पाहून ते मनापासून हसले आणि कोपऱ्यावरच्या गादीवाल्या बापूंना घेऊन आले.

बापूंचा सारा जन्म गाद्या आणि सोफे भरण्यात गेलेला, आणि आवाज असा खणखणीत की आबांनाही तो ऐकू जातो. फोम बोटांनी दाबून ते म्हणाले, "काकू, पावणं आलं की आम्ही खाली गादी घालतो. तुम्ही भिंतीलाच घालाय लागलाय की."

"आमचं पावणं भिंतीतनंच येत्यात," आबा टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले.

बापूंनी भिंतीला पुन्हा काही चिकटवले नाही. चौकोन पातळ प्लायवूडच्या फळ्यांवर बसवले, माझ्याच क्रमांकांप्रमाणे, आणि त्या फळ्या तसबिरींसारख्या खिळ्यांना टांगल्या. पूर्वी त्या खोलीत टाळी वाजवली की ती छताला शिवून परत यायची. शेवटची फळी चढल्यावर मी वाजवलेली टाळी माझ्या तळहातांतच राहिली. खोली एकाएकी जवळ आल्यासारखी वाटली, कोणी तरी कान देऊन बसावे तशी.

रविवारी आबांनी खुर्ची पुढे ओढली. सई, तुझे मांजर भांड्यांच्या सिंकमध्ये झोपते हे तू सांगितलेस आणि आबा हसले. ते तुझ्याबरोबरच हसले, हे तुला जाणवले का? एरवी ते आमचे चेहरे पाहून, आमच्यानंतर हसत.

माझे तिथे काही काम उरले नव्हते. पावट्याच्या शेंगांचे निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले. दार उघडे होते, शब्दन् शब्द कानावर येत होता. तुम्ही पुष्कळ बोललात, आबाही बोलले. त्यांच्या पायाची, भोवऱ्याची किंवा माझी गोष्ट निघाली नाही. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले.

बोलणे संपल्यावर ते आत येऊन माझ्याजवळ उभे राहिले. मी वर पाहिले नाही.

"ओजस विचारत होता," ते म्हणाले, नेहमीपेक्षा कितीतरी हळू आवाजात, "आजीचा गुडघा कसा हाय म्हणून."

हातातली शेंग क्षणभर तशीच राहिली. मी घालत असलेली भर त्यांना केव्हापासून ठाऊक होती, ते मी विचारले नाही.

"बरा आहे म्हणावं," मी म्हटले.

"पुढच्या रविवारी सांगतो की," ते म्हणाले आणि पाट ओढून माझ्याशेजारी शेंगा सोलायला बसले.