निंबूफूल आणि चार डोळे

माझं माहेर मोर्शीचं. आमच्या विहिरीचं पाणी इतकं गोड की उन्हाळ्यात पाहुणे आले की आधी पाणी मागत, चहाचं नंतर बघू म्हणत. लग्न होऊन अकोल्याला जुन्या शहरात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझं तिथल्या पाण्याशी वाजलं. नळ येतो तेव्हा येतो, बाकी सगळा कारभार बोअरवर, आणि बोअरचं पाणी खारं. तुरीची डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, केसांचा पार झाडू झाला. स्टीलचे पेले घासून पालथे घालावेत तर वाळल्यावर त्यांच्यावर पांढरे ठिपके. पुन्हा घासले, पुन्हा ठिपके. तिसऱ्या वेळी मी एक पेला उचलून भिंतीवर फेकला. त्याला पोचा आला. तो पेला अजून घरात आहे आणि अजून कोणी ना कोणी त्यावरून मला चिडवतं.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आता आपली धडगत नाही, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "पेल्यावर कावून राग काढून राहिली? पाणी खारं हाये, त्यात त्याचा का दोष?" मग आत जाऊन काचेची एक बरणी घेऊन आल्या. तिच्यात साखरेसारखे पांढरे दाणे होते. चमचाभर दाणे त्यांनी कोमट पाण्याच्या पातेल्यात टाकले, सगळे पेले त्यात बुडवले आणि मला म्हणाल्या, "चहा पिऊन घे तवापर्यंत."

चहा पिऊन परत आले तर पेल्यांत माझं तोंड दिसत होतं. घासणं नाही, काही नाही.

मी एक दाणा जिभेवर ठेवला आणि लगेच ओळखला. माहेरी आई संत्र्याच्या शरबतात घालायची तेच हे. मोर्शीत ते खायचं, अकोल्यात त्याने घर धुवायचं, एवढाच फरक. पाकिटावर सायट्रिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं, पण आमच्या घरात ते निंबूफूल. कोणत्याही किराणा दुकानात मिळतं, आणि इतकं स्वस्त की दुकानदार ते बाकी सामानासोबत न विचारताच बांधून देतो.

त्यानंतरची माझी काही वर्षं या निंबूफुलाच्या प्रेमात गेली, असं म्हटलं तरी चालेल. सासूबाई एकेक प्रयोग दाखवत गेल्या. पाणी तापवायच्या रॉडवर खाराचं जाड कवच बसलेलं असायचं. तो निंबूफुलाच्या पाण्यात उभा केला की कवच आपोआप सुटून खाली यायचं. शॉवरची जाळी काढायचीच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ते पाणी भरून पिशवी जाळीला रबराने बांधायची आणि आपल्या कामाला लागायचं. बटाटे उकडून काळा पडलेला कुकर, चहाने पिवळा पडलेला थर्मास, भाजी चिरायच्या पावशीवरचा गंज, पाणी भरायचा तांब्याचा गुंड, सगळ्यांवर एकच औषध. आणि कूलर! अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. खारामुळे पंप दर महिन्याला अडकायचा आणि दर महिन्याला कारागीर नवा पंप सांगायचा. सासूबाईंनी त्याला एकदा खुर्चीवर बसवलं, पंप निंबूफुलाच्या बादलीत टाकला आणि अर्ध्या तासाने त्याच्यासमोर चालू करून दाखवला. तो कारागीर पुन्हा काही आमच्याकडे फिरकला नाही.

मोठमोठ्या बाटल्यांतली रंगीत द्रव्यं मीही आणून पाहिली. एक फरशीचं, एक नळाचं, एक काचेचं, एक भांड्यांचं. सासूबाई त्यांचा वास घेऊन बाटल्या मागे सारायच्या. चार बाटल्यांचं काम एक चमचा करत असताना बायकांना उगीच वेड लावतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आता पटतं. ते द्रव्य नाकात जाऊन डोळ्यांतून पाणी काढतं. निंबूफुलाचा हात चुकून तोंडाला लागला तरी फक्त आंबट लागतं.

मात्र त्यांचे नियम कडक होते. ब्लीचसोबत कधी मिसळायचं नाही. फार वेळ भिजत ठेवायचं नाही. आणि दगडाला लावायचं नाही. यातला तिसरा नियम मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मोडला. न्हाणीघरातली शहाबादी फरशी लख्ख करायची म्हणून तिच्यावर भरपूर निंबूफूल घातलेलं पाणी ओतलं. फरशी फसफसली, मला वाटलं मळ निघतोय. निघत होती ती फरशी. वाळल्यावर ताटाएवढा पांढरा डाग पडला. सासूबाईंनी तो पाहिला, त्यावर पायपुसणं टाकलं आणि घरात कोणालाही सांगितलं नाही. तेव्हापासून ते पायपुसणं तिथेच आहे. मला ही बाई तेव्हा फार आवडली. आजही आवडते, पण ते तोंडावर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता मुखवट्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. मोठी आणि धाकटी, दोघींचे पितळी मुखवटे. माझे सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच ते गेले होते. त्या मुखवट्यांचे डोळे त्यांनी स्वतः रंगवलेले. त्यांच्या चित्रांचं एक मोठं बाड घरात होतं, ते एका पावसाळ्यात उधईने खाल्लं. म्हणजे त्यांच्या हातचं म्हणावं असं घरात फक्त ते चार डोळे उरले होते. सासूबाई दरवर्षी मुखवटे डब्यातून काढायच्या, मऊ कोरड्या फडक्याने नुसते टिपायच्या आणि महालक्ष्म्या उभ्या करायच्या. पितळ काळपट पडलं होतं, पण त्या कधी घासायच्या नाहीत. कावून, ते मी कधी विचारलं नाही. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

तीन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या आधी सासूबाई अमरावतीला बहिणीकडे गेल्या होत्या. तिथे पायरीवरून पाय घसरला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर लागलं. फोनवर म्हणाल्या, "आवाहनाच्या आदल्या दिवशी येतो मी. तू फक्त मुखवट्याचा डबा काढून ठेवजो. बाकी मी पाह्यतो." सांगितलं तेवढंच करावं, हे मला जन्मात जमलेलं नाही. मला वाटलं, बिचाऱ्या एका हाताने काय करतील? आल्या आल्या मुखवटे झळाळताना दिसले तर किती खूश होतील! डोळ्यांचा रंग ऑइल पेंट असणार, त्याला काय होतंय, असं मी मनाशीच धरून चालले.

घमेल्यात कोमट पाणी, तीन चमचे निंबूफूल, दोन्ही मुखवटे आत. मी भाज्या निवडायला बसले. परत येऊन पाहिलं तर पितळ नव्या सोन्यासारखं पिवळंधमक. आणि डोळे नाहीत. भुवया नाहीत. पाण्यात काळे-पांढरे पापुद्रे तरंगत होते.

नंतर समजलं ते असं. सासऱ्यांनी शाळेतलाच साधा पोस्टर कलर वापरला होता, आणि तो रंग पितळावर नव्हताच. तो पितळावरच्या काळ्या थरावर होता. निंबूफुलाने आपलं काम चोख केलं. थर गेला, त्याच्यासोबत डोळेही गेले.

मी घमेल्यापाशी बसून रडले. मग उठून फोनमध्ये जुने फोटो शोधले, कारण दरवर्षी आम्ही पन्नास फोटो काढतो. प्रत्येक फोटोत आम्हीच पुढे. माझी पैठणी, माझे दागिने, नवऱ्याचं पोट, आणि मागे महालक्ष्म्या, फुलांत कपाळापर्यंत बुडालेल्या. एकाही फोटोत ते डोळे धड दिसेनात. मला स्वतःचीच शिसारी आली. नवरा म्हणाला, "एखाद्या रंगाऱ्याला बोलावू, आईले समजणार बी नाही." मी त्याच्या अंगावर अशी ओरडले की तो गच्चीवर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. मी लपवालपवी केली नाही. दोन्ही मुखवटे समोर ठेवले आणि सांगून टाकलं की मी धुतले.

त्यांनी आधी मोठीचा मुखवटा डाव्या हाताने जवळ ओढला. जिथे डोळे होते तिथे अंगठा फिरवला. मग धाकटीचा. मला वाटत होतं, ओरडाव्यात, शिव्या घालाव्यात. त्या फक्त म्हणाल्या, "त्याईच्या हाताचं आता काईच नाही राह्यलं." आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. फरशीवर टाकता येतं तसलं पायपुसणं या डागासाठी नव्हतं.

आवाहनाच्या दिवशी सकाळी त्या माझ्याआधी उठल्या होत्या. नवऱ्याला पाठवून काळा आणि पांढरा रंग आणि बारीक ब्रश मागवला. त्याने भीतभीत विचारलं, "मी काढू का?" त्या म्हणाल्या, "तुले सरळ रेघ येत नाही." मग ब्रश माझ्यासमोर धरला. "माया हात तर हा असा. काढ."

मी ब्रश काळ्या रंगात बुडवला. त्या डोळे मिटून सांगत राहिल्या. "मोठीची भुवई वर जाते. ती रागीट हाये. मी नवीन होती तवा तिले भेत जाय. धाकटीची नजर खाली. आन धाकटीचा डावा डोळा जरासा तिरपा काढ. त्याईनं काढला तवा मी बाजूनं चहा घेऊन गेली, माया धक्का लागला त्याईच्या हाताले." एवढ्या वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोरड्या फडक्याने त्या दरवर्षी काय टिपत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

मोठीचे दोन्ही डोळे बरे जमले. धाकटीचा उजवाही. डावा मात्र साधेना. चुकून तिरपा झालेला डोळा मुद्दाम तिरपा काढायचा कसा? पहिल्यांदा फारच सरळ आला. निंबूफुलाच्या पाण्याची वाटी मी जवळ ठेवलीच होती, तिच्यात कापूस बुडवून तो पुसला. दुसऱ्यांदा काढला तर भलताच निघाला, सासऱ्यांसारखा नाही आणि सरळही नाही. मी पुन्हा वाटीकडे हात नेला. सासूबाईंनी डोळे उघडले आणि डाव्या हाताने वाटी बाजूला सरकवली.

"पुसू नको."

त्यांनी चारही डोळे एकेक करून पाहिले. मग म्हणाल्या, "हे त्याईचे नाहीत."

"नाहीत, आई," मी म्हणाले.

"तुहे हायेत. राहू दे."

मग त्या रडल्या आणि मीही रडले, दोघी एकमेकींकडे न बघता. रडणं संपल्यावर त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं. "ते पाणी फुकट नको घालवू. मोरीच्या जाळीवर ओत." मी ओतून आले. तोवर त्यांनी मोठीचा मुखवटा मांडीवर घेतला होता आणि डाव्या हाताच्या बोटाने तिला कुंकू लावत होत्या.

"हे बी रागीटच झाली," त्या म्हणाल्या. "पेला फेकला तवा तू अशीच पाहून राहिली होती."