दोन बॅटऱ्या बदलल्या, मीटर कोणीच लावला नाही

मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

सकाळी म्हसावदला चहाला थांबलो आणि माझ्या जुन्या मोटारसायकलचा सेल्फ पुन्हा लागेना. दसऱ्यानंतर दोन मेकॅनिकांनी दोन बॅटऱ्या बदलल्या. "बॅटरी गेली" म्हणायचं आणि नवी बसवायची, एवढंच येतं यांना. मीटर एकानेही लावला नाही.

किका मारून शहाद्याला आणली. वायरिंगचं काम करणाऱ्या चाचांनी गाडी चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला. रेस दिली तरी आकडा बारा व्होल्टवरच, चढायलाच तयार नाही.

"बॅटरी चांगली शे भाऊ. तिले करंटच भेटी नही ऱ्हायना."

त्यांनी सीटखालचा, बॅटरीला चार्जिंग देणारा रेग्युलेटर खोलला. त्याला अर्थिंग गाडीच्या चेसिसमधून मिळतं आणि तिथेच काळ्या रंगाचा जाड थर, त्यातून करंट जाणार कसा? चाचांनी तेवढा भाग घासून बोल्ट आवळला. आकडा चौदावर गेला. दहा मिनिटांचं काम.

"हाऊ रंग कोनी मारा?"

दसऱ्याच्या पूजेला गाडी नवी दिसावी म्हणून मीच रेग्युलेटर काढून चेसिसवर ब्रश फिरवला होता. पण तोंडातून निघालं, "पेंटरनी."

त्या पेंटरला चाचांनी घातलेली शिवी मी गुपचूप ऐकून घेतली. त्या दोघा मेकॅनिकांना मात्र उद्या जाऊन झापणार आहे. झापू ना?