वास गेलेलं पाणी

नाशिक रोडच्या पुढे माझ्या मावशीचा मळा आहे. आता चहूबाजूंनी कॉलन्या उठल्या, पण तिची विहीर आणि मेथी-कोथिंबिरीचे वाफे अजून टिकून आहेत. तीनेक वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याला औषधासारखा वास यायला लागला. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून तिने मला बोलावून घेतलं.

"बाटली काय भरतीस? आधी नाक लावून बघ," ती म्हणाली.

तपासणीत कळलं, पेट्रोल नीट जळावं म्हणून त्यात मिसळतात ते रसायन पाण्यात उतरलं होतं. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. पंपवाल्याने टाकी बदलली, मावशीने प्यायला टँकरचं पाणी सुरू केलं. पण आधीच झिरपलेलं कोण काढणार?

पंपामागची काळी, ओशट माती मी प्रयोगशाळेत नेली. तिच्यातल्या जिवाणूंना खायला फक्त तेच रसायन दिलं. बहुतेक मेले. थोडे तगले, फार हळू वाढले. ते मी खडीने भरलेल्या दोन पिंपांत सोडले, माशांच्या टाकीला लावतात तसा हवेचा पंप जोडला आणि विहिरीचं पाणी त्यातून थेंब थेंब फिरवलं. मावशी रोज पिंपाला कान लावून बुडबुडे ऐकायची.

"जेवली का गं तुझी लेकरं?" फोनवर विचारायची.

सात-आठ महिन्यांनी वास गेला. मी गेले, हुंगलं, पुन्हा हुंगलं. काहीच नव्हतं. त्या दिवशी मावशीने त्याच पाण्याचा चहा केला आणि मी तो आनंदाने प्यायले. नमुना तपासायला दिला होता, पण अहवालाची वाट पाहायची गरजच मला वाटली नाही.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. मूळ रसायन जवळजवळ संपलं होतं. पण ते मोडताना जिवाणू वाटेत दुसरा एक पदार्थ तयार करतात, तो तसाच साठला होता. तोही अपायकारक, आणि इतक्या थोड्या प्रमाणात नाकाला न कळणारा. हे मला माहीत होतं. मुलांना मीच फळ्यावर काढून दाखवते.

दुसऱ्या दिवशी मळ्यात गेले. मावशी जुड्या बांधत होती. तिला सगळं सांगितलं. तीन आठवडे ती तेच पाणी पीत होती.

हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "मग वास होता तेच बरं होतं. कळायचं तरी."

मी माफी मागितली. ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी रक्त तपासलं, आत्ता काही दिसत नाही म्हणाले. त्यांच्या त्या 'आत्ता'वर मी अजून अडकलेली आहे.

पुढे तो दुसरा पदार्थ खाणारे जिवाणू शोधले, तिसरं पिंप बसवलं. या उन्हाळ्यात सलग दोन अहवाल स्वच्छ आले. कागद घेऊन मी मळ्यात गेले आणि तिच्यासमोर पेलाभर पाणी प्यायले.

"पी तू," ती म्हणाली. "मला नाय प्यायचं. माझं टँकरचंच बरं हाय."

आणि आत जाऊन तिने माझ्यासाठी टँकरच्या पाण्याचा चहा ठेवला.